सुलभाताईंचा अळू

आमच्या कॉलनीच्या जागी पूर्वी रंगाचा कारखाना होता. त्याचं जे काही उरलं, ते तिथेच पुरलं, वर चांगली माती पसरली आणि आमची घरं बांधली. घराच्या किल्लीबरोबर एक कागद मिळाला. फुटापेक्षा खोल खणू नये, इथे पिकवलेलं खाऊ नये, घर विकताना घेणाऱ्याला हे सगळं खरं सांगावं.

काल सकाळी खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या सुलभाताई अळू खुडत होत्या. सुपाएवढी, काळ्या देठाची पानं. इतकी तजेलदार की भीती वाटावी. थोड्याच वेळात त्या पातेलंभर पानं घेऊन दारात.

"घरचा आहे हो. कसलंही खत घातलेलं नाही."

खताची गरजच नव्हती. पण मला नको म्हणवेना, आणि पातेलं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नाही. मी त्यात आमच्या शेवग्याच्या शेंगा घातल्या. तो शेवगा मी लावलेला नाही, आपोआप उगवलाय. त्याच्या मुळांनी कागद वाचलेला नाही.

घर घेणाऱ्या परक्या माणसाला खरं सांगायचं, एवढं लिहून दिलंय. शेजारणीबद्दल कागद गप्प आहे.

आज घंटागाडी आली. मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन गेले, ताईही आल्या. माझ्या बादलीत त्यांचा अळू, त्यांच्या बादलीत माझ्या शेंगा. दोघींनी पाहिलं.

"वड्या फार कुरकुरीत झाल्या," मी म्हणाले.

"शेंगांची आमटीही छान झाली," ताई म्हणाल्या. "दुधी धरलाय. पहिला तुम्हालाच."