बदली ड्रमर

आमच्या रॉक बँडचा ड्रमर म्हणजे डोंबिवलीकरांचा देव. ऐन ठाण्याच्या कार्यक्रमाआधी देवाची कंबर धरली आणि त्याच्या जागी कळव्याचा एक ऑर्केस्ट्रावाला बसवला. मी हाताची घडी घालून, चुका काढायलाच पहिल्या रांगेत बसलेलो. तो इतकं हळू वाजवत होता की माझं डोकंच फिरलं.

"अरे, ड्रम वाजवतोयस की बाळाला थोपटतोयस?" मी ओरडलो.

शेजारी देवाची बायको होती. म्हटलं, "वहिनी, ऐकवत नाही ना?"

"उलट इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा गाण्याचे शब्द ऐकू आले," त्या म्हणाल्या. मग एक अख्खं कडवं ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. "आता कळलं, हे एवढ्या जोरात का बडवतात!"

सगळी गाणी मी लिहिलेली आहेत.