तोंडात गुळाचा खडा

त्या रविवारी सकाळी सातला मी सरदारच्या गळ्यात पट्टा अडकवत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे यशवंतअण्णांची सून होती. "बाई, आज मैदानावर येऊ नका... अण्णा पहाटंच गेले." मी फोन ठेवला. थोड्या वेळानं भानावर येऊन सरदारचा पट्टा काढला, तर हा पठ्ठ्या दारात जसाच्या तसा बसलेला! का? तर त्याला उठायची खूण मी केलीच नव्हती. डोळ्यांत पाणी होतं आणि मला हसू फुटलं. अण्णांच्या जाण्याच्या बातमीवर मी हसले, हे आज छापून येतंय ते बरंच झालं. त्यांना आवडलं असतं.

अण्णा हुमनाबादजवळच्या दुबलगुंडी गावचे. फौजेत त्यांचं काम कुत्र्यांना शिकवण्याचं. निवृत्त होऊन गावी तूर लावली, पण कुत्र्यांचा नाद काही सुटला नाही. हुमनाबादच्या कारखान्यांमागं एक मोकळं मैदान आहे, तिथं ते दर रविवारी सकाळी कुत्र्यांची शाळा भरवायचे. मला हे सगळं ऐकून माहीत होतं, पण त्या शाळेत जायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी जन्मभर गणित शिकवलं, आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेतल्या. एका वेळी एक मूल, समोरासमोर बसवून. घोळक्यात कुणी काही शिकत नाही, असं माझं ठाम मत होतं, आणि मतांच्या बाबतीत मी जरा हट्टीच आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. अप्पा म्हणजे बाजारात गप्पांचा फड जमवणारा माणूस. चार दुकानं ओलांडायला त्यांना दोन तास लागायचे. आता कुणी विचारलं, "काय अप्पा, बरं हाय का?" तर उत्तर देता येईना, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. मग कधीतरी ढाब्यावरून एक तांबडं गावठी कुत्रं आमच्या मागं आलं आणि अप्पांच्या पायाशी बसलं. त्याला गप्पा नको होत्या. अप्पा त्याच्याबरोबर फिरायला निघाले आणि आम्ही त्याचं नाव सरदार ठेवलं. पण सरदारला लॉरी दिसली की तो धावत सुटायचा. एकदा त्यानं अप्पांना असं ओढलं की ते रस्त्यात पडले, गुडघे फुटले. माझा भाऊ विलास भडकला. "दिवाळीपातूर हे कुत्रं सुधारलं न्हाई, तर मी त्याला ढाब्यावर सोडून येणार. अप्पा पाहिजेत का कुत्रं?" अप्पा काही बोलू शकत नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी अण्णांना गाठलं. म्हटलं, "घरी येऊन शिकवा. एकट्याला. मला ते घोळक्याचं नको."

"एकट्याला म्हंजे? कुत्र्याला का तुमाला?"

"कुत्र्याला हो!"

"बरं. पर तुमीबी समोर बसा," अण्णा म्हणाले. मिशीत हसत होते, हे मला नंतर कळलं.

घरी आल्या आल्या त्यांनी आमचा रोग ओळखला. मी सरदारला मराठीत "बस" म्हणायची, विलास ड्रायव्हर लोकांसारखं दख्खनी उर्दूत "बैठ" म्हणायचा, आणि स्वयंपाकाच्या शांतक्का कानडीत "कुंद्रु" म्हणून ओरडायच्या. आपल्याकडं माणसं तिन्ही भाषा एका वाक्यात पचवतात. कुत्र्यानंही पचवाव्यात, अशी आमची अपेक्षा! "त्यानं कुणाचं ऐकायचं? म्हणून कुणाचंच ऐकंना झालंय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी मला खुणा शिकवल्या. तळवा समोर धरला की बसायचं, तळवा उलटा करून वर उचलला की उठायचं. पाच संध्याकाळी झाल्या आणि सरदार अंगणात पहिल्या नंबरानं पास! मी शेजारणींना बोलावून दाखवलं. सहाव्या दिवशी फाटक उघडलं, समोरून लॉरी गेली आणि माझा पहिला नंबर तिच्यामागं पळाला.

अण्णा पोट धरून हसले. "बाई, तुमच्या शिकवणीतली पोरं परीक्षेला गेल्यावर काय करतेत?"

हे मला फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. कारण माझ्यासमोर सगळं बिनचूक सोडवणारी आणि परीक्षेत पेपर कोरा ठेवणारी दोन-तीन तोंडं मला लगेच आठवली होती. तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतःच आले. म्हणाले, "घरी शिकवणं वाईट न्हाई, बाई. भेदरलेल्या कुत्र्याला आदी घरीच शिकवावं लागतंय. पर ह्याला ऱ्हायाचं हाय लॉरींत आन् माणसांत. आन् ह्याला फिरवतंय कोण? तुमी का अप्पा? मंग अप्पाला कामून घरात ठिवायलाव?"

म्हणून मी, अप्पा आणि सरदार असे तिघं मैदानावर गेलो. हुलसूरचे एक व्यापारी स्कूटरवर पुढं बसवून पांढरं झुबकेदार पॉमेरियन आणायचे, एका गॅरेजवाल्याचं दांडगं अल्सेशियन होतं, बाकी गावठी मंडळी. सगळ्यांत वांड आमचा सरदार, आणि निम्मे मालक माझे जुने विद्यार्थी! "बाई, तुमचं कुत्रं ऐकंना की," एकजण म्हणाला. हाच पोरगा सातवीत पाढे म्हणत नव्हता.

अण्णांच्या शाळेचा एकच नियम होता. तास सुरू झाला की माणसांनी बोलायचं नाही. एक तासभर तोंडाला कुलूप, हातांनी काय ते सांगायचं. मला हे जमेना. मी "सरदार, अरे... बघ ना..." सुरू केलं की अण्णा खिशातून पत्र्याची डबी काढायचे. कुत्र्यांसाठी त्यांच्याकडं भाकरीचे वाळलेले तुकडे असत आणि माणसांसाठी गूळ. माझ्या हातावर एक खडा ठेवून म्हणायचे, "तोंडात धरा. विरघळेपातूर बोलायचं न्हाई." त्या चार महिन्यांत मी जेवढा गूळ खाल्ला तेवढा लग्नसराईतही खाल्ला नसेल.

आणि मग ते माझ्या लक्षात आलं. लाज वाटते, इतका उशीर लागला. त्या मैदानावर, त्या एका तासात, अप्पा एकटेच मुके नव्हते. सगळेच गप्प होते. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं, कुणी कीव करत नव्हतं. अप्पा पहिल्या ओळीत ताठ उभे असत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी विलास बघायला आला. अण्णांनी मुद्दाम एक लॉरी मैदानाला वळसा घालून न्यायला लावली होती. अप्पांनी तळवा समोर धरला. सरदार लॉरीकडं बघे, अप्पांकडं बघे. मी पट्टा धरायला धावले, तर अण्णांनी मला अडवून माझ्या तोंडात गूळच कोंबला. लॉरी अगदी जवळ आली... आणि सरदार बसला. लॉरी गेली तरी बसूनच राहिला. विलास पुढं आला. त्यानं अण्णांच्या डबीतून स्वतःच एक खडा उचलला.

मागच्या रविवारी अण्णांची शोकसभा त्याच मैदानावर, तासाच्याच वेळी झाली. कुत्रीही आली होती, त्यांना घरी कोण ठेवणार? बुद्धवंदना झाली. मग मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले. गर्दीत कुजबूज चालू होती म्हणून सवयीनं, वर्गात धरायची तसा, तळवा समोर धरला. मैदानातली सगळी कुत्री एकदम बसली.

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी सभा हसली. अण्णांच्या पत्नी, कौसाक्का, पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. ठरवून आणलेले दोन शब्द मी विसरूनच गेले. तेव्हा कौसाक्का ती पत्र्याची डबी घेऊन माझ्याजवळ आल्या. "घ्या बाई. विरघळेपातूर बोलायचं न्हाई." मग त्या एकेकाच्या हातावर खडा ठेवत गेल्या. सभा हळूहळू गप्प झाली. कुत्री अजून बसलेलीच होती, त्यांना उठवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

अप्पा उठले. काठी टेकत, अण्णा जिथं उभे राहायचे तिथं जाऊन उभे राहिले. आपला तळवा त्यांनी उलटा केला आणि वर उचलला. सगळी कुत्री उठली, आणि तास सुरू झाला.