हलगीविना ठेका

कुठल्याही कचेरीत गेली तरी ‘बसा’ हा शब्द ऐकण्याची करंटताई वाट पाहत नसे. आधी खुर्ची ओढायची, बसायचे आणि मग कामाचे बोलायचे. समोर तहसीलचा कारकून असो की कॉलेजचे प्राचार्य, हा क्रम बदलत नसे. एका साहेबांनी भुवया उंचावल्या, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “उभं राहण्याचं काम आमच्या आज्या-पणज्यांनी लय केलं, साहेब. आमच्या वाट्याचंबी करून ठेवलंय.”

परभणीत स्टेशनकडच्या एका संगणक वर्गात ती शिकवत असे. हातात सोल्डरिंगचे काम आणि जिभेवर धार, म्हणून वस्तीने तिला हे नाव दिले होते. मी तिच्या शेजारी राहणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रत्येक उत्तर आधी सूत्रात शोधण्याची मला सवय होती. या सवयीची ती थट्टा करी आणि त्याच सवयीसाठी मला कामालाही लावी. वर्गाने मोडीत काढलेला एक संगणक तिने घरी आणून चालता केला होता. त्याला आवाज नव्हता. जिथे प्रिंटरची तार लागते तिथे तिने रेझिस्टरांची एक साखळी डकवली आणि तिथून निघणारी वीज थेट ॲम्प्लिफायरला जोडली. पहिल्यांदा त्यातून सूर निघाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, “टाळ्या कशाला? मुकं होतं, बोलायलंय. बोलायलाच पायजे.”

विद्यापीठाच्या नामांतराची मागणी सुरू झाली तेव्हा मी पाटीवर अक्षरे गिरवत होते. मी पदवीच्या उंबरठ्यावर आले तरी निर्णय झालेला नव्हता आणि जिल्ह्यातली हवा तापलेलीच होती. त्या वर्षी चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली असताना मानवतच्या बँडमास्तरांचा निरोप आला. आमच्या मिरवणुकीपुढे भर बाजारातून चालले तर लग्नसराईची गिऱ्हाइके तुटतील, तेव्हा यंदा माफी असावी. जिंतूरच्या बँडकडे विचारणा झाली, तिथेही तेच. पोलिसांची परवानगी हातात होती, मार्ग ठरलेला होता, फक्त वाजवणारे कोणी नव्हते.

विहारात बैठक बसली. तरुण पोरांचे म्हणणे होते की एवढ्या वर्षापुरती हलगी काढावी. त्यावर करंटताईचे वडील, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणे, उठून उभे राहिले. गावकीची कामे सोडली त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी हलगीही सोडली होती. दुसऱ्याच्या दारात बोलावतील तेव्हा वाजवायची आणि शिळे तुकडे घेऊन परतायचे, ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. हलगी पुन्हा या वस्तीत येणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि वाद संपला. मग कोणीतरी मूक मिरवणूक सुचवली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आबांनीही.

“मूक चालायचं ते मयतीला,” करंटताई म्हणाली. “आपण जयंतीला निघालोत. बाजार गप्प बघत उभा राहील आन् आपणबी गप्प? मग त्यांनीच जिंकलं की.”

आबा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “हलगी वाजवायची न्हाई, हे खरं हाय. पण गप बसायचं, असं कुणी म्हणलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही कामाला लागलो. हैदराबादच्या एका मित्राने तिला संगीत जुळवण्याचा एक प्रोग्राम फ्लॉपीवर दिला होता. पडद्यावर चार उभे रकाने दिसत आणि वर सरकणारी प्रत्येक ओळ म्हणजे काळाचा एक तुकडा. ढोल-ताशाचे नमुने त्यात तयार होते, पण तिने ते पुसून टाकले. चामड्याचा आवाजच नको, ठेका सुरांनी धरायचा, हा तिचा हट्ट. तीन स्वर एकत्र मिसळून एकच आघात बनवायचा, कळ दाबताच तो फुटला पाहिजे आणि लगेच तुटला पाहिजे. “सूर लांबला की माणूस ऐकत उभा राहतो,” ती म्हणे. “तोडला की चालायला लागतो.”

तीन स्वरांच्या लहरींची बेरीज करणारा प्रोग्राम मी लिहिला. बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली आणि सूर फाटला. मी तत्परतेने तीनने भागले. सूर स्वच्छ झाला आणि निस्तेजही. तिने भागाकार काढून टाकायला लावला. मी मर्यादेचे शास्त्र समजावू लागले, तर म्हणाली, “तुझं गणित बरोबर हाय. पण बाजारात जायचंय, परीक्षेला न्हाई.”

चूक मात्र आम्ही दोघींनी मिळून केली. प्रत्येक आघात आम्ही पावलावरच ठेवला होता. गल्लीतल्या बायका चालून पाहू लागल्या आणि शाळेतली कवायत सुरू झाली. आबा ओट्यावरून हसत होते. ढोल नसेल तर ढोलाची जागा पाय भरतात, मग सुराने पायांवर पडून काय मिळवायचे, असे त्यांनी विचारले. ताईने आघात दोन ओळी खाली सरकवले, एका पावलाच्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्ये. त्याच बायकांच्या कमरा आपोआप हलू लागल्या.

जयंतीला ट्रकवर जनरेटर, कर्णे आणि संगणक, आणि अर्थातच खुर्चीवर ती. बाजाराच्या तोंडाशी एका पोलीस अधिकाऱ्याने ट्रक अडवला. दुकाने संपेपर्यंत हे बंद ठेवा, असे त्याने सांगितले. ती खुर्चीवरून हलली नाही.

“परवानगीत लाउडस्पीकर लिवलेला हाय. बंद करायचा तर तुमीबी लिहून द्या, साहेब. कारण लिहा.”

त्याने कागद पाहिला, मग आमच्या मागची रांग पाहिली. “चला, थांबू नका,” एवढेच तो म्हणाला. सुरांचे ते फाटके ठोके दुकानांच्या पत्र्यांवर आदळत गेले आणि आमच्या बायका भर बाजारात नाचल्या. मीही नाचले.

पावसाळ्यात ती हैदराबादला नोकरीला गेली. हिवाळ्यात नामांतर झाले आणि पुढच्या जयंतीच्या आधी मानवतचे बँडमास्तर स्वतःहून वस्तीत आले. यंदा पुढे चालायची तयारी आहे, म्हणाले. मंडळी सुखावली, पण निर्णय कोणी घेईना. मी एसटीडी बूथवरून ताईला फोन लावला.

ती म्हणाली, “येऊ दे त्यायला. चांगले वाजवतात. पण पुढं न्हाई. आपल्या ट्रकच्या मागं.”

मिरवणुकीच्या दिवशी बँडमास्तर जरीचा कोट घालून, सवयीने सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले. मी ट्रकवरून उतरले, त्यांना नमस्कार केला आणि मागची जागा दाखवली. त्यांची माणसे आपली वाद्ये खांद्यावर टाकून ट्रकला वळसा घालून गेली. मी परत चढले, ताईच्या खुर्चीवर बसले आणि कळ दाबली.