एमेकाच्या घरचं धृपद

आखातात, अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोर राहणारा एमेका मुलांना गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचा. त्याच्या मायबोलीतल्या, इग्बो लोककथांत थोड्या थोड्या वेळाने गाणं येई. पहिली ओळ त्याची, धृपद ऐकणाऱ्यांचं. एखादं पोर गप्प राहिलं की गोष्ट बंद! "आय ॲम नॉट अ रेडिओ," म्हणायचा. शुक्रवारी सकाळी त्याची बायको मातीच्या घटावर तळव्याने ताल धरायची आणि तिन्ही मुलं बेंबीच्या देठापासून गायची.

चौथा आवाज माझ्या ऋताचा असायचा. सांगायला लाज वाटते, पण माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी मराठीत हाक मारली की "कमिंग, आई!" म्हणणारी ही मुलगी कासवाची गोष्ट इग्बो गाण्यासकट घरी म्हणून दाखवायची. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग लागोसला पाठवणाऱ्या या माणसाला एवढा वेळ मिळतो तरी कुठून?

मग मीही हट्टाने पुण्याहून भोंडल्याच्या गाण्यांची कॅसेट मागवली. ऋताने एक बाजू ऐकली आणि होमवर्क काढला. तरी लिफ्टमध्ये मी एमेकाला ऐटीत कॅसेटबद्दल सांगितलं. त्यांच्या रीतीप्रमाणे तो मला मुलीच्या नावाने हाक मारायचा.

"ममा ऋता, कॅसेट चांगलीच. पण ती तुमच्या मुलीसाठी थांबते का?"

आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

दोन वर्षांनी तो बायको-मुलांना घेऊन कायमचा गावी निघाला. "इथे माझ्या आईच्या गाण्यांना आम्ही पाचच जण. तिकडे अख्खं गाव आहे. खलास, जातो." जाण्याआधीच्या शुक्रवारी त्याने मला मध्ये बसवलं. "यल्ला, चला, ममा ऋता, आज पहिली ओळ तुमची."

मी भोंडल्याचं गाणं धरलं, धृपद दोनदा म्हणून दाखवलं. ऋता मान खाली घालून बसलेली. एमेका नेहमीसारखा थांबला. मीही थांबले. आता ही गप्पच राहणार, असं वाटून मी गाणं सोडून देणारच होते. तेवढ्यात त्याच्या पोरांनी धृपद उचललं, मोडकंतोडकं, पण दणक्यात. त्यांचं ऐकून हळूच ऋताही म्हणू लागली.

माझं गाणं माझ्या मुलीच्या तोंडी आलं ते असं, एमेकाच्या पोरांच्या मागून. पुढची ओळ म्हणताना मला आनंदाने रडू येत होतं, आणि तरीही मी त्याच्यावर जळतच होते.