गुरुवारची पाहणी

पिंपरीपासून चाकणपर्यंत जे कॅफे उघडायचे राहून गेले, त्यांतले निम्मे तरी आमच्या साडूंमुळे राहिले, आणि त्याबद्दल कितीतरी आईबाप त्यांना मनातल्या मनात दुवा देत असतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीचा सगळा काळ एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात गेला. सुटे भाग उजेडात धरायचे, फिरवून बघायचे आणि नापास मालावर लाल खूण करून तो बाजूला काढायचा, हे काम त्यांनी इतक्या प्रेमानं केलं की कंपनीनं निवृत्त केलं तरी डोळे काही निवृत्त झाले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले की पोळी आधी ट्यूबलाइटसमोर धरतात. एका भाचीच्या लग्नात सगळे नवरदेवाकडे बघत असताना हे त्याच्या खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाकडे बघत होते, आणि अक्षता पडायच्या आत खाली वाकून त्या पायाला कागदाची घडी लावूनही आले.

बसणं हा प्रकार त्यांना जमत नाही. मी बसणारा माणूस. टेबलामागे नोकरी केली, आणि आता पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत मी सुखी आहे. साडू मात्र स्कूटरची किल्ली बोटावर गरगर फिरवत आत येतात, हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये. माझी बायको चहाचा कप घेऊन त्यांच्या वाटेत उभी राहते, म्हणजे त्यांना तो जाता जाता उचलता येतो. "साडूभाऊ, उठा राव! बसून बसून गंज चढंल," असं म्हणत त्यांनी मला किती वेळा आणि कुठं कुठं नेलं असेल, ते आठवलं तरी माझे गुडघे दुखतात.

निवृत्तीनंतर असा माणूस घरात राहिला असता तर ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, संन्यास घेतला असता. पण साडूंनी वर्ग काढला. त्यांचं म्हणणं असं की इथल्या पोरांच्या शेतांवर कंपन्या आल्या आणि प्रत्येकाला वाटायला लागलं, आपणही मालक व्हावं. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की पोरं माल तपासल्याशिवाय गाडीत भरतात. तेव्हा धंद्याची कल्पना कशी तपासायची हे कुणीतरी शिकवायला हवं, आणि कुणीतरी म्हणजे अर्थातच आपण. काळेवाडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, मुहूर्त नसेल त्या संध्याकाळी, हा वर्ग फुकटात भरतो. खुर्च्या नाहीत. गुरुजी फेऱ्या मारतात आणि पोरं मान फिरवत राहतात. पोरांनी त्यांचं नाव 'रिजेक्ट काका' ठेवलं आहे, आणि ते त्यांना ठाऊक असून मनातून आवडतंही.

एकदा एक मुलगा कॅफेची कल्पना घेऊन आला. नाव ठरलेलं, कपांचा रंग ठरलेला, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं तेही ठरलेलं. साडूंनी विचारलं, "येणार कोण?" तो म्हणाला, "सगळे." झालं! "सगळे नावाचं गिऱ्हाईक मी अजून बघितलं न्हाई. एक माणूस दाखव. तो आत्ता चहा कुठं पितो आन तिथलं सोडून तुझ्याकडं का यावा, एवढं सांग." मुलगा एका चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, तिथल्या लोकांशी गप्पा मारल्या, चहा प्यायला आणि कॅफे विसरला. सांगवीतल्या एका जिमवेड्याला त्यांनी सांगितलं, "जानेवारीत जिम बघू नको, तवा समदेच पैलवान असत्यात. भर पावसाळ्यात बघ." आणि सगळ्यांना एक कायमची ताकीद: घरच्यांना विचारायचं नाही. "आईला इचारलं तर ती व्हयच म्हणणार. माया हाय ती, मागणी न्हाई. अनोळखी माणसाला गाठा. आन 'घेशील का' असं इचारू नका, 'आत्ता कसं भागवतोस' असं इचारा." कुत्र्यांसाठी बिस्किटं करू पाहणाऱ्या एका मुलीबरोबर ते स्वतः बागेत गेले होते, मलाही ओढून नेलं होतं. आपलं कुत्रं काल काय जेवलं, असं हे प्रत्येक मालकाला विचारत असताना एका कुत्र्यानं त्यांची चप्पलच तपासायला घेतली. त्यातही साडूंना आनंद. "बघा, ह्याला म्हणत्यात गिऱ्हाईक!"

अशा या वर्गात एका संध्याकाळी त्यांची एकुलती एक मुलगी सायली येऊन पोरांच्या रांगेत उभी राहिली. ती चाकणच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरीला. चांगली, कायमची नोकरी. बाहेरगावाहून आलेली, खोल्या करून राहणारी कामगार पोरं ती रोज बघत होती. मळक्या युनिफॉर्मवरून त्यांना बोलणी बसतात आणि तेलाचे डाग घरच्या धुण्यानं निघत नाहीत, तेव्हा त्यांचे युनिफॉर्म धुऊन द्यायचा धंदा काढायचा, अशी तिची कल्पना. नोकरी सोडून. तिनं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. "घरच्यांना विचारायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना बाबा?" म्हणाली.

साडूंच्या बोटावरची किल्ली थांबली. मग म्हणाले, "गेटवर जाऊन बघू. गुरुवारी सकाळी."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. साडूंना तर त्याचा विसर पडणं शक्यच नव्हतं. पण सायली शांतपणे "चालेल" म्हणाली, आणि त्रयस्थ साक्षीदार म्हणून माझी वर्णी लागली.

गुरुवारी आम्ही चाकणला पोचलो. गेट बंद. वॉचमन खुर्चीत पेंगत होता. साडू इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिले. "बघ," ते म्हणाले, "चिटपाखरू न्हाई. गिऱ्हाईकच न्हाई तर धुणार कुणाचं? रिजेक्ट." हे त्यांनी तिच्याकडे न बघता स्कूटरच्या आरशाला सांगितलं.

"बाबा, वर्गातल्या कुणी गुरुवारी गेटवर पाहणी केली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"हाकलून दिलं असतं," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

सायली आम्हाला मागच्या गावात घेऊन गेली. शेतकऱ्यांनी आपापल्या जागेत भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांच्या रांगा. आणि जिकडे बघावं तिकडे, गच्चीवर, कठड्यावर, दोरीवर, विजेच्या मीटरच्या खिळ्यावरसुद्धा, युनिफॉर्म! करडे, निळे, नुसते युनिफॉर्म. नळापाशी टॉवेल गुंडाळलेली पोरं उकिडवं बसून कॉलरी घासत होती. साडू थबकले. मग त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. एका पोराच्या हातातला ओला शर्ट घेऊन त्यांनी उन्हात धरला. "डाग तसाच हाय की रं. सुट्टीत हेच करता काय?"

"काय करनार काका? सकाळ ह्याच्यातच जाती," मराठवाड्याकडचा तो पोरगा म्हणाला. "मायला फोन लावायचा म्हनलं तर हाताला साबन."

पुढच्या खोलीत तोच प्रश्न, त्याच्या पुढच्या गच्चीवर तोच. मी एका जिन्यात बसकण मारली. साडू भिरभिरत राहिले, आणि शेवटी खाली आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"मला ठाऊक हुतं, आज गुरुवार हाय," ते सायलीला म्हणाले. "लोकांच्या पोरांना खरं सांगितलं. तुझ्या येळंला भ्यालो. पडलीस तर काय, एवढंच डोक्यात."

"तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं."

"मग आलीस कशापायी?"

"लहानपणी गुरुवारीच तर दिसायचात तुम्ही मला. बाकी शिफ्ट आणि ओव्हरटाइम. आणि त्या गुरुवारी आई दिवसभर मोरीत तुमचा युनिफॉर्म घासत बसायची. आपण तिघं मिळून कधी कुठं गेलोच नाही, बाबा."

साडू माझ्याशेजारी पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाबद्दल विलक्षण माया वाटली. तसं पाहिलं तर आधीही वाटत असावी, पण ते कधी एका जागी थांबतील तेव्हा ना वाटून घेणार!

"पास म्हणत न्हाई मी," ते कसेबसे म्हणाले. "आणखी इचारावं लागंल. कंपन्यांनी स्वतःच धुऊन द्यायचं ठरवलं तर काय, ते बघावं लागंल. पण न्हाई म्हणायला मला तोंड न्हाई." सायलीनं डोळे पुसले. नोकरीचा राजीनामा ती पुढच्या महिन्यात देणार आहे. तिचं काय होईल हे मला सांगता येत नाही, आणि आता साडूही सांगायला धजत नाहीत.

मग त्यांनी ताईंना फोन लावला. "साडी बदलून तयार ऱ्हा," ते म्हणाले, "आमी येतोय. तिघं मिळून बाहेर जाऊ." फोन स्पीकरवर होता. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "बरं," ताई म्हणाल्या, "पण कुठं जायचं?"

साडूंनी सायलीकडे बघितलं, सायलीनं त्यांच्याकडे. दोघांनाही काही सुचेना.

"तुला कुठं जावंसं वाटतंय?" साडूंनी विचारलं.

ताई ओशाळल्या आवाजात म्हणाल्या, "मला तर काही आठवतच नाही हो."