हेडसरांची नवी सही

हेडसरांची सही बघायला लोक थांबायचे, असं हेडसर स्वतःच सांगत. लोक थांबत ते बहुधा दाखला हातात पडायची वाट बघत, पण तो मुद्दा वेगळा. सही मात्र देखणी होती, यात वाद नाही. सुरुवातीला एक ऐसपैस वळसा, मग चार लाटा आणि शेवटी मागे वळून सगळ्याच्या खालून सुसाट धावत जाणारी शेपटी. एकतीस वर्षं मुख्याध्यापक असताना त्यांनी ती प्रत्येक प्रगतिपुस्तकावर केली, आणि निवृत्त झाल्यावर बँकेतही तीच चालू ठेवली. एवढी चांगली सही असताना दुसरी कशाला शोधायची?

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला माजी विद्यार्थ्यांनी फोनवर एक ग्रुप काढला. हेडसर हरखून गेले. ज्यांचे कान त्यांनी पिळले होते ती पोरं आता टक्कल पडलेले बाप झाली होती आणि त्यांना प्रेमानं शुभेच्छा देत होती. हेडसरांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपल्या जुन्या प्रगतिपुस्तकाचा फोटो टाकावा, मी काय शेरा मारला होता ते मला बघायचंय. दोन दिवसांत शंभरावर फोटो आले. प्रत्येकावर सही, स्वच्छ निळ्या शाईत. कुणी जन्मतारीख विचारली, ती त्यांनी सालासकट सांगितली. कुणी पत्ता विचारला, तो पिनकोडसकट दिला. पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते तेही गप्पांच्या ओघात सांगून टाकलं. ग्रुपमध्ये कोण कुणाला आत घेतंय याचा कुणालाच पत्ता नव्हता.

तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं. 'आपल्या अर्जानुसार आपला पत्ता आणि फोन नंबर बदलत आहोत. अर्ज आपला नसल्यास ताबडतोब कळवावे.' हेडसरांनी ते दोनदा वाचलं. बायकोनं एकदाच वाचलं आणि चपला घातल्या.

बँकेतली अधिकारी त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. तिनं अर्ज समोर ठेवला. खाली हेडसरांची सही होती, वळसा, लाटा, शेपटी, सगळं जिथल्या तिथं. हेडसरांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला. ही आपण केलेली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण करताना हात असाच फिरला असता हेही दिसत होतं.

"सर, पत्र वेळेवर वाचलंत म्हणून वाचलात. काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "पण ही सही आता बाद. नवी करून द्या, तीन वेळा, तिन्ही सारख्या. तोवर खातं बंद ठेवावं लागेल."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" बायकोनं विचारलं. तिचा प्रश्न साधा नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीला पंचाहत्तरावं लागत होतं आणि नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. शनिवारपर्यंत तिकिटं काढली नाहीत तर गाडीत जागा मिळणार नव्हती, आणि घरातला सगळा पैसा याच खात्यात होता.

"सही तर आत्ता करतो की," हेडसर म्हणाले आणि पेन उघडलं. पहिली सही जरा चौकोनी आली. दुसरी तिरकी गेली. तिसरी चांगली चालली होती, पण शेवटाला हात आपोआप मागे वळला आणि शेपटी सुटली.

"सर, जुळत नाहीत," ती चाचरत म्हणाली. "घरी शंभर वेळा लिहून बघा आणि मग या." वाक्य तोंडातून गेल्यावर कुणाचं वाक्य कुणाला ऐकवलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं फॉर्ममध्ये डोकं घातलं.

घरी शाळा भरली. हेडसर जेवणाच्या टेबलावर, बायको समोर पट्टी घेऊन. शेपटी निघाली की पट्टी टेबलावर वाजे. त्यांनी उभी सही केली, गोल केली, डाव्या हातानं करून बघितली. एकही दुसऱ्यांदा जमेना. ज्या पोरांना अक्षर सुधारत नाही म्हणून आपण बाकावर उभं केलं, त्यांची त्यांना पहिल्यांदाच मनापासून दया आली. बायको भरलेले कागद बारीक फाडून बादलीत भिजवत होती. "पुन्हा कुणाला घरपोच नमुने द्यायचे नाहीत," ती म्हणाली.

मधल्या वेळात त्यांनी ग्रुपवर खाली मान घालून लिहिलं की सगळ्यांनी प्रगतिपुस्तकं काढून टाका आणि ओळख नसलेल्यांना बाहेर काढा. फोटो भराभर गेले. मग एकानं लिहिलं, 'सर, राहवत नाही म्हणून सांगतो, सातवीत मधल्या सुट्टीनंतर घरी जायच्या चिठ्ठीवर तुमची सही मीच करायचो.' त्याच्यामागे दुसरा बोलला, मग तिसरी. अर्ध्या तासात अकरा जणांनी कबुली दिली. बारावी होती बँकेतली अधिकारी.

हेडसर ताठ बसले. एकतीस वर्षं त्यांना वाटत होतं की अशी सही दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही, आणि इथे सातवीची अख्खी तुकडी ती करून मधल्या सुट्टीत पसार होत होती. मग त्यांना हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायकोची पट्टी हातातून पडली, इतकी तीही हसली.

हसून झाल्यावर मात्र शुक्रवारची संध्याकाळ तशीच समोर उभी होती. "राहू दे," बायको म्हणाली. "ताईला फोनवर शुभेच्छा देईन." ती हे अगदी सहज बोलली आणि त्यामुळेच हेडसरांना ते फार लागलं. नऊ वर्षं वाट बघितलेली भेट आपल्या बढाईखोर सहीपायी जाणार, या विचारानं त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी पुन्हा पेन उघडलं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं, बायकोला दिसू नये म्हणून हातानं झाकलं आणि कागद स्वतःच बादलीत टाकला.

शनिवारी बँकेत त्यांनी तीन चौकटींत तीन सह्या केल्या, न थांबता, न बघता. तीन साधी अक्षरं, तिसऱ्याचा पाय किंचित लांब. तिन्ही एका साच्यातून काढल्यासारख्या.

अधिकारी बघतच राहिली. "सर, ही इतकी सरावाची कशी? आधी कुठे वापरलीय का? कुणी बघितली असेल तर उपयोग नाही."

हेडसर घसा खाकरू लागले. बायकोनं मान पुढे करून बघितलं आणि ती सही तिनं लगेच ओळखली. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं हेडसर लांबच्या एका शाळेत एकटे राहत होते आणि तिला दर आठवड्याला पत्र लिहीत होते. पत्राखाली वळसा नसे की लाटा नसत, नुसतं घरातलं लाडाचं नाव असे.

"एकाच माणसानं बघितलीय," ती म्हणाली. "पत्रं माझ्या कपाटात आहेत, आणि किल्ली मी यांनासुद्धा देत नाही."

अधिकाऱ्यानं शिक्का मारला. एकतीस वर्षं सगळ्या शाळेला चळाचळा कापायला लावणारे हेडसर भर बँकेत कानापर्यंत लाल झाले होते.