कोंबडी शोधताना झालेली बाग

वैशाखरे गावाच्या पुढच्या एका वाडीत कमळवहिनी अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा जगन, त्याचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. वहिनीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की चुलीवरची भाजी करपते, पण ते निघत नाही. मागे तिच्या डोक्यात बाग शिरली. शाळेमागच्या पडीक जागेत वाडीतल्या तरण्या पोरापोरींनी भाजी लावायची. दिवसभर पारावर मोबाईल चोळत बसण्यापेक्षा बरं. सरपंचांनी लगेच "करा" म्हटलं, कारण त्या जागेत कुणाला पाऊलच टाकता येत नव्हतं. घाणेरीचं रान माजलं होतं.

वहिनीने सभा बोलावली. आली फक्त हिरी आजी, तीही चहा आहे का बघायला. पुढच्या सभेला वहिनीने चहा ठेवला. आजी दोन कप प्यायली.

मग एका रविवारी वहिनीने जगनचा माईक घेतला. "शाळेमागच्या रानात एक कोंबडी शिरलीय. ज्याची असेल त्यानी घेऊन जावी."

बघता बघता सगळी वाडी जमली. ज्यांनी कधी कोंबडी पाळली नव्हती, तेही आले.

"रंग कंचा?" हिरी आजीने विचारलं.

"लांबून नीट नाय दिसला."

"मग माझीच."

"आजी, तुमची घरी अंड्यांवर बसलीय."

"ती दुसरी."

दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून प्रत्येकाने कोयता आणला. जगनला खरं माहीत होतं, पण बायकोकडे बघून तोही मुकाट्याने घाणेरी तोडत राहिला. दुपारी रान भुईसपाट झालं. सापडलं काय, तर एक चप्पल, आजीचा हरवलेला पितळी तांब्या आणि क्रिकेटचे टोपलीभर बॉल.

"वयनी, कोंबडी कुठंय?" पोरांचा कॅप्टन मुकेश म्हणाला.

"नव्हतीच. बागेला जागा साफ पायजे होती."

मग तांब्या पोटाशी धरून आजी हसायला लागली आणि तिला बघून बाकीचे. भांडायचं त्राणही कुणाच्यात उरलं नव्हतं.

मुकेश मात्र जमीन न्याहाळत होता. "पिच मस्त होईल."

पोरांनी लगेच माना हलवल्या. जरा विचार करून वहिनी म्हणाली, "खेळा. मधी पिच, कडेनी वाफे. बॉल वाफ्यात गेला की आउट, आणि आउट होईल त्यानी पाणी घालायचं."

"चौकार मारला तरी?"

"चौकार म्हंजे वांग्यात. वांग्यात आउट."

पोरं कुरकुरली. तेवढ्यात मुकेशची बहीण दिपिका म्हणाली, "मग आमी पोरी पण खेळणार." पोरी जमिनीलगत, बेताने मारतात, त्यामुळे पाणी बहुतेक पोरंच घालतात. वाफे कुणी खणायचे यावर आता भांडण होत नाही. जी टीम हरते ती खणते. वांगी, भेंडी, मिरची, झेंडू, सगळं धरलं आहे.

अंपायर वहिनीच. क्रिकेट तिला कळत नाही, ती पानं बघून निर्णय देते. परवा मुकेश वाद घालत होता की बॉल वाफ्याला लागलाच नाय. तिने मिरचीची मोडलेली फांदी त्याच्या हातात दिली. तो बादली घेऊन हापशीकडे गेला.